गाणं पूर्ण वाजू द्या : पुण्यातल्या रेडिओचे कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी शनिवार पेठेत शिवणकाम करतो. दुकान वडिलांनी सुरू केलेलं, दहा बाय आठचं. मुलगा नोकरी करतो, तो बाणेरला राहतो, त्यामुळे वडील गेल्यापासून दुकानात मी एकटाच. वय त्र्याहत्तर. दोन मशीन, एक कापणीचं टेबल, एक इस्त्री आणि एक रेडिओ एवढा सगळा सरंजाम. यातलं काहीही एक बंद पडलं की माझं काम अडतं. रेडिओसुद्धा त्यातच आला.

सकाळी नऊला दुकान उघडतो. देवाला उदबत्ती लावायची, मशीनला दोन थेंब तेल, आणि रेडिओ सुरू करायचा, हा क्रम पन्नासेक वर्षं चालला आहे. साडेनऊला जुन्या मराठी भावगीतांचा अर्धा तास लागायचा. गेल्या दिवाळीनंतर एका मंगळवारी साडेनऊला तिथे दुसऱ्याच गावच्या केंद्रावरून जोडलेला कार्यक्रम लागला. मला वाटलं, काही तांत्रिक बिघाड असेल. बुधवारी तेच. आठवडाभर मी वाट पाहिली. निवेदनात एक शब्द नाही, कार्यक्रम कुठे हलवला ते नाही, बंद केला तेही नाही. पुढच्या आठवड्यात मी पत्र टाकलं. महिन्याने दुसरं. उत्तर नाही, म्हणून एका सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, स्वतः गेलो. फाटकावर वहीत नाव लिहिलं, तासभर बसलो. एक तरुण अधिकारी आले, त्यांनी मला पाणी दिलं, नीट बोलले. म्हणाले, "काका, तो स्लॉट आता नाही. तुम्हाला जुनी गाणी ॲपवर मिळतील की." त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. निर्णय त्याचा नव्हता. ज्यांचा होता त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

केंद्राचं नाव मी लिहीत नाही. एक तर मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि दुसरं म्हणजे जे पुढे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने शहरातल्या बहुतेक रेडिओंना लागू आहे. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रात हे बसणार नाही, म्हणून असं उघड लिहितो आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो.

आमचं बिऱ्हाड ओंकारेश्वराच्या बाजूला एका वाड्यात होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. रेडिओ आमचा नव्हता, चौकापलीकडे राहणाऱ्या अण्णांचा होता. मोठा, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आत हळूहळू पिवळा उजेड यायचा, मग घुंईऽ असा आवाज, मग माणसाचा आवाज. अण्णा तो मुद्दाम खिडकीत ठेवायचे, तोंड चौकाकडे करून. वडील हातकाज करत त्याच्या समोर बसायचे. मी कापणीच्या टेबलाखाली. माझं काम कच्चे टाके उसवायचं आणि खाली पडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करायचं.

वडिलांना घड्याळाची गरज नसे. "एक काज म्हणजे दोन गाणी," असं ते म्हणायचे. कोटाचं काज हाताने करायचं तर आधी कापड चिरायचं, कडेने जाड दोरा धरायचा, मग मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने एकाला एक लागून गाठीचे टाके घालत जायचं. घाई केली की टाका उसळतो, रेंगाळलं की दोरा मळतो. जुन्या लाखेच्या तबकडीवर, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून त्या काळची गाणीही तेवढीच. दोन गाणी म्हणजे सात मिनिटं. वडिलांचं काज सात मिनिटांत व्हायचं. मी त्यांच्याकडून काज शिकलो ते गाण्यावर शिकलो: पहिल्या गाण्यात एक कड, दुसऱ्या गाण्यात दुसरी कड आणि शेवटचा आडवा टाका. आजही माझा हात त्याच मापाने चालतो.

१९६१ साली १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी भवानी पेठेत मामाकडे गेलो. चार दिवसांनी परत आलो तर वाड्याची मागची भिंत नव्हती आणि दुकानात गुडघाभर गाळ. मशीन गाळात आडवं पडलेलं. वडिलांनी ते उचलून पायरीवर आणलं, एकेक भाग सोडवला, रॉकेलमध्ये धुतला आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडला. शटल, बॉबीन केस, दातऱ्या, सुईचा दांडा. मी बसून स्क्रू मोजत होतो. आई बादलीने गाळ उपसत होती. पाच-सहा दिवस ती नुसती काम करत राहिली होती. रडली नाही, फारशी बोललीही नाही. तिच्या लग्नातला शालू, भांडी, मापाच्या वह्या, गिऱ्हाइकांचं शिवायला आलेलं कापड, सगळं गेलं होतं. गिऱ्हाइकांच्या कापडाचे पैसे भरून द्यावे लागणार, ही काळजी वेगळी.

अण्णांनी पाणी यायच्या आधी रेडिओ माळ्यावर चढवला होता, म्हणून तो वाचला. वीज आली त्या दिवशी त्यांनी तो खाली काढला आणि खिडकीत ठेवला. पिवळा उजेड, घुंईऽ, आणि मग मालती पांडे यांचा आवाज. भावगीत होतं. वाड्यातला फावड्यांचा आवाज एकेक करून थांबला. आईने बादली खाली ठेवली आणि ती पायरीवर बसली, पदराने तोंड झाकून. वडिलांनी हातातला दांडा पुसायचं थांबवलं नाही, पण मान वर केली. गाणं पूर्ण होईपर्यंत आई तशीच होती. तिसरा अंतरा संपत आला तेव्हा तिने डोळे पुसले, उठली, आणि मला म्हणाली, "चल, टँकर आला असेल, कळशी घे."

त्यानंतर ते गाणं मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल ते सांगता येणार नाही. पण मी कधी ते शोधून लावलं नाही. ते आपणहून यायचं. कधी वर्षातून दोनदा, कधी तीन वर्षांत एकदाही नाही. हातात कुणाचा तरी ब्लाऊज असायचा, डोकं बाही आणि मुंढ्याच्या हिशेबात असायचं, आणि एकदम तो आवाज. रॉकेलचा वास येतो, खरोखर येतो. सुई थांबते.

आता तक्रारी सांगतो.

पहिली, कार्यक्रम काढून घेताना सांगितलं नाही. कार्यक्रम बदलतात हे मला समजतं. पण रोज ठरल्या वेळी आमच्या दुकानात येणारं माणूस एक दिवस यायचंच बंद झालं, तर निदान निरोप तरी येतो. चार दिवस आधी दोन वाक्यांची सूचना दिली असती तर माझं म्हणणं कमी झालं नसतं, पण अपमान झाला नसता.

दुसरी तक्रार माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली आहे. आता दिवसात कधी मधूनच एखादं जुनं गाणं लागतं, ते अर्धं. मुखडा, एक अंतरा, फार तर दुसरा, आणि आवाज खाली जातो, वर जाहिरात किंवा पुढच्या कार्यक्रमाची घोषणा. भावगीत म्हणजे आधी कविता. कवीने तीन कडवी लिहिली ती काहीतरी सांगायचं होतं म्हणून, आणि बहुतेक वेळा ते शेवटच्या कडव्यात असतं. संगीतकारानेही चाल तिथे नेऊन सोडवलेली असते. मी एका बाहीचा कोट गिऱ्हाइकाच्या हातात देऊ शकत नाही. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, माझी आई त्या गाण्यात तिसऱ्या अंतऱ्याला उठते. गाणं दुसऱ्या अंतऱ्याला कापलं की ती पायरीवर बसूनच राहते.

तिसरी, नावं. पूर्वी गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची रीत होती. आमचे वडील चौथी शिकलेले. त्यांना गदिमा कोण, पी. सावळाराम कोण, श्रीनिवास खळे कोण, यशवंत देव कोण हे कुठल्या शाळेत कळलं नाही, रेडिओने सांगितलं. रोज सांगितलं, म्हणून पाठ झालं. पुढे चाल ऐकून ते अंदाज करायचे, हे खळ्यांचं असणार, आणि नाव आलं की खूश व्हायचे. आता निवेदनात "ऐकूया एक सुंदर मराठी गीत" एवढंच येतं. ज्याने ते लिहिलं त्याचं नाव घ्यायला चार सेकंद लागतात.

चौथी. वाद्यांचा सुरुवातीचा तुकडा चालू असताना त्यावर बोलू नये. गाणं तिथूनच सुरू झालेलं असतं.

पाचवी गोष्ट ऐकणाऱ्यांपेक्षा मोठी आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्या अर्ध्या तासात काही गाणी अशी लागायची जी बाजारात कधी आलीच नाहीत. केंद्राच्या स्टुडिओत इथल्याच गायकांनी, इथल्याच वादकांबरोबर गायलेली, फक्त रेडिओसाठी. त्यांची तबकडी निघाली नाही, कॅसेट निघाली नाही. ती आहेत ती स्पूलच्या टेपांवर. त्या काळी टेप महाग, म्हणून वाजवून झालेली टेप पुसून तिच्यावर दुसरं ध्वनिमुद्रण करायचं, असंही सर्रास चालायचं, त्यामुळे आधीच पुष्कळ गेलं आहे. राहिलेल्या टेपांना दमट हवेत बुरशी धरते, वरचा थर सुटतो. मी कापडवाला माणूस आहे. घडीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रेशीम घडीच्याच रेघेवर विरतं हे मी पाहिलेलं आहे, ते अधूनमधून उलगडावं लागतं. टेपचंही तेच असावं. जोवर ती गाणी रोज सकाळी वाजत होती, तोवर निदान कुणीतरी ती कपाटातून काढत होतं. आता कार्यक्रमच नाही, तर कपाट कोण उघडणार?

आणि सहावी, ते ॲप.

माझ्याकडे मोबाईल आहे, मुलाने दिला आहे, त्यावर मी पैसे घेतो आणि नातवाशी बोलतो. मी नव्याला नावं ठेवणारा नाही. पण रेडिओ कोण ऐकतं याचा विचार करा. ज्याचे हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात आणि फक्त कान मोकळे असतात, तो. मी. आमच्या गल्लीतला केशकर्तनालयवाला. पोळी-भाजी केंद्रात सकाळी सहापासून पोळ्या लाटणाऱ्या चार बायका. पलीकडचा पुस्तकबांधणीवाला, त्याच्या हाताला कायम खळ लागलेली. आम्ही दर तीन मिनिटांनी हात पुसून पुढचं गाणं शोधायचं म्हटलं तर काम कधी करायचं? माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एक आजी आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या चाकाला त्यांच्या मुलीने सुताचा धागा बांधून ठेवला आहे, केंद्र कुठे लागतं ते बोटाला कळावं म्हणून. त्या काचेच्या गुळगुळीत पडद्यावर काय शोधणार?

ॲपवर जे मिळतं ते मला आधीच माहीत असलेलं मिळतं. मी विसरलेलं गाणं मी शोधू कसा? ते तुम्हीच लावायला पाहिजे.

आणखी एक. मोबाईलवर मी ऐकतो तेव्हा मी एकटा ऐकतो. साडेनऊला गाणं लागलं की पोळी-भाजी केंद्रातूनही तेच ऐकू यायचं. एखादं फार दिवसांनी लागलेलं असलं की दुपारी डबा घ्यायला गेल्यावर त्यातली एक ताई म्हणायची, "काका, आज ऐकलंत का?" एवढंच. मी म्हणायचो, "ऐकलं." गेले कित्येक महिने आमच्यात हे बोलणं झालेलं नाही.

तुमच्या अडचणी मला अगदीच ठाऊक नाहीत असं नाही. माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, निवेदक रोजंदारीसारखे बोलावले जातात, जाहिरातींचं उत्पन्न हवं. तरुण श्रोता हवा, तोही हवाच. पण अर्ध्या तासाची जुनी गाणी लावायला फार खर्च येत नसावा. ती तुमच्याच कपाटात आहेत.

आणि हे पुणं आहे. इथे २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे ही आठवण माझी नाही, आईची आहे. अण्णांच्या खिडकीतल्या रेडिओला बायका हळद-कुंकू लावायच्या, हार घालायच्या आणि मग चौकात बसायच्या, असं ती सांगायची. यात मला तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. ते घडण्यामागे सीताकांत लाड यांच्यासारखा रेडिओतला अधिकारी होता. तुमच्यासारखाच, कार्यक्रम ठरवण्याच्या कामावर नेमलेला. रेडिओवर वर्षभर रामकथा गाण्यातून सांगायची, ही जबाबदारी त्याने घेतली. म्हणजे त्या खुर्चीत बसून काय करता येतं हे याच शहरात एकदा सिद्ध झालेलं आहे. मी तर नवीन काही मागतही नाही, होतं ते परत मागतो आहे.

मागण्या साध्या आहेत.

सकाळचा अर्धा तास परत द्या. साडेनऊच पाहिजे असा हट्ट नाही, पण वेळ ठरलेली असू द्या, आणि कार्यक्रम पुण्यातूनच होऊ द्या. त्यातलं प्रत्येक गाणं पूर्ण वाजवा, मग अर्ध्या तासात सातऐवजी पाच झाली तरी चालतील. गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं सांगा. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या टेपा किती शिल्लक आहेत, त्यांतल्या किती संगणकावर घेतल्या आणि किती राहिल्या, हे जाहीर करा, आणि उरलेल्यांचं काम कधीपर्यंत होईल तेही सांगा. श्रोत्यांची फर्माईश पोस्टकार्डानेही घ्या. आणि यापुढे कुठलाही कार्यक्रम बंद करायचा झाला तर आठ दिवस आधी रेडिओवरूनच सांगा.

टेपांच्या बाबतीत मी थोडी मदत करू शकतो, म्हणून शेवटी हे लिहितो. वडिलांना सवय होती, मापाच्या वहीतच गाणी लिहून ठेवायची. पुरात आधीच्या वह्या गेल्या, पण ऑगस्ट १९६१ पासूनच्या अकरा वह्या माझ्याजवळ आहेत. एका बाजूला छाती, कंबर, बाही, आणि समासात शिसपेन्सिलीने त्या दिवशी रेडिओवर लागलेलं गाणं, कवी, संगीतकार, गायक, तारखेसकट. शेवटची नोंद १९८३ ची आहे. यातली काही नावं मी नंतर कुठेही वाचली नाहीत, ऐकलीही नाहीत. तुमच्या कपाटातल्या ज्या टेपांवर नुसता नंबर उरला असेल, त्यांच्याशी या तारखा ताडून बघता येतील. वडिलांचं अक्षर बारीक आहे, काही ठिकाणी पेन्सिल पुसट झाली आहे, पण मला ते लागतं. कुणी आलं तर मी शेजारी बसून वाचून दाखवीन. वह्या मूळच्या मी देणार नाही, छायाचित्रं हवी तेवढी काढून न्या.

दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं. सोमवारी बंद.

आपला नम्र,
शनिवार पेठेतला एक शिंपी, पुणे